पाडव्याची मोटार आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र

अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळापासून फारसे दूर नसलेल्या एका गल्लीत, प्रस्तुत लेखकाचे एक शेजारी राहतात. व्यवसायाने ते विमा प्रतिनिधी. पत्नी शाळेत शिक्षिका. मोर्णेच्या काठचे हे जुने शहर सोडून आज बाळापूर, उद्या पातूर, परवा बार्शिटाकळी अशी त्यांची वर्षाचे बारा महिने भ्रमंती चालते. वऱ्हाडातला उन्हाळा ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना स्कूटरवरून असे हिंडणे म्हणजे काय हे सांगावयास नको. तेव्हा २०२४ च्या दिवाळीत पाडव्याच्या मुहूर्तावर, म्हणजे २ नोव्हेंबर रोजी, त्यांनी पाच लाख रुपयांची एक लहानशी मोटार घेतली. चार लाख कर्जाचे, एक लाख गाठीचे. गल्लीने पेढे खाल्ले.

२०२५ च्या डिसेंबरात हेच गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन आले. त्यांच्या एका व्यवसायबंधूला प्राप्तिकर खात्याची नोटीस आली होती आणि ती नेमकी मोटारीच्या खर्चाबद्दल होती. यांनी आपले विवरणपत्र सप्टेंबरात भरून टाकले होते आणि त्यात मोटारीपोटी एकंदर १,५५,००० रुपयांची वजावट घेतली होती. आकड्याबद्दल विचारता ते स्वच्छ मनाने म्हणाले, "गाडी त धंद्यासाठीच घेतली नं भाऊ! मंग सारा खर्च धंद्याचाच." या वाक्यात लबाडी नव्हती. परंतु करकायद्यात लबाडी आणि भाबडेपणा यांच्यातले अंतर वाटते तेवढे मोठे नसते, आणि हे अंतर राखावयाचे असेल तर चूक वेळीच दुरुस्त करावी लागते.

या दैनिकाचे बरेचसे वाचक शिक्षक, कारकून वा विद्यार्थी आहेत. त्यांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. नोकरदाराचा कर पगारातूनच कापला जातो. घरून कचेरीत जाण्याच्या पेट्रोलचा हिशेब त्याच्याकडे कोणी मागत नाही आणि तो द्यावयाचा म्हटला तरी कोणी घेत नाही. प्रमाणित वजावटीची एक ठोक रक्कम, २०२४-२५ च्या वर्षासाठी नव्या पद्धतीत ७५,००० रुपये, त्याच्या हातावर ठेवली जाते आणि प्रकरण मिटते. तथापि आज अशी घरे थोडी आहेत की जेथे एकही माणूस स्वतःच्या जबाबदारीवर पोट भरीत नाही. कोणी विमा विकतो, कोणी लग्नाची छायाचित्रे काढतो, कोणी संगणक दुरुस्तीसाठी गावोगाव जातो. आणि घरातला शिकलेला म्हणून त्याचे विवरणपत्र भरण्याचे काम बहुधा मास्तरांच्या वा कारकुनाच्याच गळ्यात येते. आमच्या शेजाऱ्यांचे विवरणपत्रही त्यांच्या मेहुण्यांनी भरले होते आणि ते कोणत्याशा कचेरीत हेडक्लार्क आहेत.

कायद्याचा मूळ दंडक साधा आहे. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ३७ म्हणते की, खर्च संपूर्णतः आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असावा. मोटार किंवा तत्सम वस्तू केवळ व्यवसायासाठी वापरली जात नसेल तर कलम ३८ चे दुसरे पोटकलम लागू होते आणि वापर पाहून जो वाटा वाजवी ठरेल तेवढाच मान्य होतो. म्हणजे गाडी कशासाठी घेतली याच्याशी कायद्याला फारसे कर्तव्य नाही. ती कशासाठी फिरली, हा त्याचा प्रश्न आहे. आमच्या शेजाऱ्यांची गाडी बाळापूरच्या ग्राहकाकडे फिरली तशी मुलीच्या शिकवणीला, मूर्तिजापूरच्या लग्नाला आणि शेगावच्या दर्शनालाही फिरली. यात गैर काहीच नाही. मध्यमवर्गीयाच्या दारातली गाडी ही साऱ्या घराची असते, एकट्या व्यवसायाची नसते, आणि म्हणूनच तिच्या हिशेबात चूक होणे हे जवळजवळ अटळ आहे.

आता त्या १,५५,००० रुपयांकडे वळू. त्यात ४६,००० रुपये पेट्रोल, विमा व दुरुस्तीचे होते. ३४,००० रुपये कर्जाच्या चार हप्त्यांचे होते. आणि ७५,००० रुपये घसाऱ्याचे, म्हणजे पाच लाखांवर पंधरा टक्के.

हप्त्याची चूक सर्वांत सार्वत्रिक आहे. हप्ता हा खर्च नव्हे. त्यातले व्याज हा खर्च. मुद्दल म्हणजे आपलेच कर्ज आपण फेडणे. साडेआठ हजारांच्या त्या चार हप्त्यांत व्याज सुमारे १३,००० रुपयांचे होते, उरलेले २१,००० मुद्दलाचे. गाडीची किंमत घसाऱ्याच्या रूपाने वर्षानुवर्षे वजा होतच असते. हप्त्याचे मुद्दलही वजा करणे म्हणजे एकाच गाडीची किंमत दोनदा मागणे होय. बँकेकडून व्याजाचा दाखला मागितला की ही चूक टळते, पण पासबुकात हप्त्याचा एकच आकडा दिसतो आणि घाईच्या दिवसांत तोच उतरविला जातो.

घसाऱ्याची गंमत थोडी निराळी आहे आणि तिचा आपल्या सणांशी संबंध आहे. मोटारीवर घसारा पंधरा टक्के. परंतु खरेदीच्या वर्षी ती १८० दिवसांहून कमी वापरली असेल तर त्याच्या निम्माच. ३१ मार्चपासून मागे मोजत गेले असता साधारणपणे ३ ऑक्टोबर ही सीमारेषा येते. म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला गाडी घेणारा प्रत्येक मनुष्य निम्म्या घसाऱ्याचाच धनी. २ नोव्हेंबर ते ३१ मार्च हे दिवस १५० भरतात. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता, तोही उशिराच. २०२५ चा मात्र २ ऑक्टोबरला आला आणि त्या दिवशी गाडी घेऊन कामाला लावणाऱ्याला पूर्ण घसारा मिळाला. मुहूर्ताला असाही अर्थ असतो हे पंचांगकर्त्यांच्या ध्यानी आलेले दिसत नाही! असो. शेजाऱ्यांचा घसारा ७५,००० नव्हे, ३७,५०० ठरला. आणि ही चूक एका वर्षापुरती राहत नाही, कारण पुढल्या वर्षीचा घसारा उरलेल्या किमतीवर काढावयाचा असतो. पहिल्या वर्षीचा आकडा चुकला की पुढली सारी वर्षे एकापाठोपाठ एक चुकत जातात.

म्हणजे मुळात मोजावयाचा खर्च ४६,००० अधिक १३,००० अधिक ३७,५००, एकूण ९६,५०० रुपये. त्यातला व्यवसायाचा वाटा किती? पाच महिन्यांत गाडी ६,००० किलोमीटर चालली होती. ग्राहकांच्या भेटींची यादी, प्रस्तावपत्रांवरच्या तारखा, पेट्रोलच्या पावत्या आणि सर्व्हिसिंगच्या कागदावर नोंदलेले किलोमीटर यांची सांगड घालून तीन रात्री बसल्यावर ३,९०० किलोमीटर व्यवसायाचे म्हणून उभे करता आले. हा वाटा पासष्ट टक्के. म्हणजे खरी वजावट ६२,७२५ रुपये आणि जास्तीची घेतलेली ९२,२७५ रुपये.

किरकोळ चुका आणखीही असतात, त्या झटकन सांगतो. गॅरेजवाल्याला एका दिवशी दहा हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिली तर तो सारा खर्च नामंजूर होतो. गाडीच्या किमतीपैकी जी रक्कम रोखीने दहा हजारांवर दिली तिच्यावर घसारा मिळत नाही. शेजाऱ्यांनी सुदैवाने धनादेश दिला होता. वाहतूक पोलिसांचा दंड हा कायदा मोडल्याचा खर्च आहे, तो व्यवसायाच्या माथी मारता येत नाही. आणि जे दुकानदार कलम ४४एडीप्रमाणे उलाढालीवर ठराविक टक्के नफा दाखवितात, त्यांच्या त्या टक्केवारीत गाडीचा खर्च अगोदरच धरलेला असतो. तो पुन्हा वेगळा मागावयाचा नसतो. विमा प्रतिनिधींसारख्या कमिशनवर जगणाऱ्यांना ही सोपी वाट मोकळी नाही, त्यांना पै-पैचा हिशेब ठेवावाच लागतो. १९९३ च्या एका परिपत्रकाने लहान प्रतिनिधींना हिशेबाशिवाय ठोक वजावट दिली होती, पण ती वर्षाला ६०,००० रुपयांहून कमी कमिशन असणाऱ्यांना.

घर ते कामाचे ठिकाण हा प्रवास व्यवसायाचा की खासगी, हा वाद जुना आहे. इंग्लंडात १९५२ साली न्यूसम नावाच्या बॅरिस्टरांचा खटला गाजला. ते गावी राहत, संध्याकाळी घरीही अशिलांची कामे करीत आणि लंडनमधील आपल्या कचेरीत ये-जा करीत. त्या प्रवासाचा खर्च अपील न्यायालयाने नाकारला; घर गावी असणे ही त्यांची स्वतःची सोय होती, वकिलीची गरज नव्हती. परंतु त्याच न्यायालयाने १९७१ मध्ये हॉर्टन नावाच्या एका गवंड्याला घरापासून बांधकामाच्या जागेपर्यंतचा सारा प्रवासखर्च मंजूर केला, कारण त्याचा व्यवसाय घरूनच चालत होता आणि कामाच्या जागा नित्य बदलत होत्या. हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत. तरीही ज्याचे दुकान टिळक रोडवर आहे आणि घर डाबकी रोडला, त्याने पहिला निकाल ध्यानात धरावा. ज्याचा व्यवसाय पिशवीत मावतो आणि घरूनच निघतो, त्या आमच्या शेजाऱ्यांसारख्याला दुसरा जवळचा वाटेल.

प्रश्न असा की, चूक कळली तर करावयाचे काय? बहुतेक लोक गप्प बसतात. "आपणहून सांगावयास गेलो तर उलट नजरेत भरू," ही भीती कचेऱ्यांच्या अनुभवातून आलेली आहे आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. परंतु या बाबतीत कायद्याचा कल स्पष्ट आहे. कलम १३९ च्या पाचव्या पोटकलमाप्रमाणे चूक आढळल्यास सुधारित विवरणपत्र भरण्याचा हक्क करदात्याला आहे. २०२१ च्या वित्त अधिनियमाने त्याची मुदत आकारणी वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत आणली. या मुदती अंदाजपत्रकागणिक हलत असतात, तेव्हा ज्या वर्षाची चूक त्या वर्षाचा नियम पाहूनच पाऊल टाकावे. २०२५ साली संमत झालेला नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख घेऊन आला आणि त्यात कलमांचे क्रमांकही बदलले. मागल्या वर्षांची विवरणपत्रे मात्र जुन्याच कायद्याच्या फुटपट्टीने मोजली जातात.

सुधारित विवरणपत्र भरले की शेजाऱ्यांना द्यावयाचा राहिलेला कर सुमारे ९,६०० रुपये आणि त्यावरचे व्याज. हीच गोष्ट खात्याने शोधून काढली असती तर? कलम २७०अ प्रमाणे उत्पन्न कमी दाखविल्याचा दंड करावर पन्नास टक्के, म्हणजे ४,८०० रुपये. आणि 'चुकीची माहिती दिली' असे ठरले तर दोनशे टक्के, म्हणजे १९,२०० रुपये. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. चुकीच्या माहितीच्या व्याख्येत कायद्याने एक वाक्य घातले आहे: कोणत्याही पुराव्याने सिद्ध न होणारा खर्च दाखविणे. म्हणजे ज्याने किलोमीटरची नोंद ठेवली नाही, त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, तो वरच्या दंडाच्या तोंडाशी जाऊन बसू शकतो. नोंदवही ही यासाठी ठेवावयाची. अर्थात ती एका रात्रीत एकाच शाईने लिहिलेली असेल तर नसलेलीच बरी. मागाहून तयार केलेला तक्ता असेल तर तो मागाहून, अमुक कागदांवरून केला, असे त्यावर लिहून ठेवण्यात कमीपणा नाही; शेजाऱ्यांच्या तक्त्यावर आम्ही तसेच लिहिले.

मुदत टळल्यावर २०२२ पासून आणखी एक दार उघडले आहे, अद्ययावत विवरणपत्राचे. प्रथम त्याला दोन वर्षांची मुदत होती, २०२५ मध्ये ती चार वर्षांची झाली. पहिल्या वर्षी आले तर कर व व्याजावर पंचवीस टक्के जादा, दुसऱ्या वर्षी पन्नास, मग साठ, मग सत्तर. उशीर जितका अधिक तितकी किंमत अधिक, हे रास्त आहे. परंतु या दाराला एक विलक्षण अट आहे. तेथून फक्त जास्त कर भरणाऱ्यालाच आत जाता येते. ज्याने चुकून कमी वजावट घेतली, ज्याचा कर जास्त गेला, त्याला ते बंद! चूक दोन्ही बाजूंनी होते, दुरुस्ती मात्र चार वर्षे एकाच बाजूने. जास्त कर गेलेल्याला सुधारित विवरणपत्राची छोटी मुदत चुकली की वरिष्ठांकडे विलंबमाफीचे नाही तर फेरविचाराचे अर्ज करीत बसावे लागते. तपासणी चालू असताना 'एक वजावट राहून गेली' असे पत्र देऊन भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या गोएट्झे प्रकरणात सांगून टाकले आहे. अपिलात दाद मागता येते, पण हजार-दोन हजारांसाठी अपील कोण करणार?

दुसरी विषमता तर डोळ्यांत भरणारी आहे. गाडी कंपनीच्या नावावर असेल आणि तिचे संचालक ती घरकामाला वापरीत असतील तर काय? गुजरात उच्च न्यायालयाने या शतकाच्या आरंभी सयाजी आयर्न प्रकरणात म्हटले की, कंपनी ही निर्जीव व्यक्ती, तिचा 'खासगी वापर' संभवतच नाही. सबब तिचा मोटारखर्च त्या कारणाने कापता येणार नाही. संचालकाच्या हाती तो लाभ म्हणून करपात्र ठरू शकतो, हे खरे. पण लाभ मोजावयाचा कसा? १९६२ च्या नियमावलीत नोकरीतल्या माणसाला मिळालेल्या गाडीच्या मिश्र वापराची किंमत वर्षानुवर्षे दरमहा १,८०० रुपये, मोठ्या इंजिनाला २,४०० अशी ठोक धरली गेली. बड्या अधिकाऱ्याला ठोक आकडा आणि विमा प्रतिनिधीला किलोमीटरची वही! शिवाय वही असूनही तपासणीत 'खासगी वापरापोटी' एक पंचमांश वा एक दशांश सरसकट कापण्याची प्रथा आहेच. अपिलीय न्यायाधिकरणांनी अशा अंदाजपंचे कपातीवर वेळोवेळी नापसंती दाखविली आहे.

मोटारीबद्दलचा कायद्याचा संशय तसा पुराणा आहे. १९६७ ते १९७५ या काळात घेतलेल्या मोटारीची किंमत पंचवीस हजारांहून अधिक असली तर वरच्या रकमेवर घसाराच मिळत नसे. १९८३ च्या वित्त अधिनियमाने मोटारी, जाहिराती व हॉटेले यांवरील एक लाखापलीकडच्या खर्चाचा पाचवा हिस्सा कापला. ती तरतूद अल्पायुषी ठरली. मोटार ही चैन होती तेव्हाचे हे कायदे. आता अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. त्या रस्त्यावरून रोज धावणाऱ्या लहान गाड्यांत कितीतरी अशा आहेत की ज्या कोणाचे तरी चालते-फिरते दुकान आहेत.

यावर उपाय नाही असे नाही. ब्रिटनमध्ये स्वतंत्र व्यावसायिकाला हवे तर पावत्या सोडून मैलांवर ठोक दर घेता येतो. पहिल्या दहा हजार मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि पुढे २५, असा दर २०११ मध्ये ठरला. अमेरिकेत २०२५ साठी तो मैलाला ७० सेंट होता. त्या दरात पेट्रोल, विमा, दुरुस्ती, घसारा सारे आले. ठेवावयाची ती फक्त अंतराची नोंद. आपल्याकडे मोटारीला आणि दुचाकीला असा किलोमीटरचा ऐच्छिक दर ठरविला तर हप्ता, घसारा आणि १८० दिवस यांतील निम्म्याहून अधिक चुका जन्मालाच येणार नाहीत. दर कमी ठेवला तरी लोक तो घेतील, कारण लहान माणसाला चार रुपयांपेक्षा निश्चिंती मोलाची असते. आणि अद्ययावत विवरणपत्राचे दार जास्त कर भरलेल्यालाही, निदान लहान रकमांपुरते, उघडे करावयास तिजोरीला कोणती मोठी तोशीस पडणार आहे? ज्याचे पैसे परत द्यावयाचे ते मुळी त्याचेच असतात.

शेजाऱ्यांनी डिसेंबर संपण्यापूर्वी सुधारित विवरणपत्र भरले आणि राहिलेला कर व्याजासह चुकता केला. गाडीत आता एक वही असते. तिच्यात खासगी फेऱ्या त्यांच्या पत्नी लिहितात; शिक्षिकाच त्या, एकही फेरी सुटत नाही. मात्र त्या तीन रात्रींच्या कागदपत्रांत आणखी एक गोष्ट निघाली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, त्यांनी स्कूटरचे पेट्रोल दाखविले होते, पण नव्वद हजारांच्या त्या स्कूटरवरचा घसारा घेण्याचे विसरले होते. व्यवसायाचा सत्तर टक्के वाटा धरता ९,४५० रुपयांची वजावट सुटली, कर सुमारे ९८० रुपये जास्त गेला. सुधारणेची मुदत १५ जानेवारी २०२५ लाच संपलेली. अद्ययावत विवरणपत्र कर कमी करण्यासाठी नाही. आणि कायदा असे म्हणतो की, घसारा मागितला नाही तरी तो दिलाच असे समजून स्कूटरची किंमत उतरवावयाची. अर्ज करावा की काय, असे त्यांनी विचारले. टंकलेखन, हेलपाटे आणि सल्लागाराची फी यांची आम्ही बेरीज केली. ती ९८० च्या वर गेली. कागद पुन्हा पिशवीत गेले.